आतड्याच्या जोडाची गळती-चाचणी

बृहदांत्राचा रोगट भाग काढून उरलेली टोके जोडल्यावर तो जोड हवाबंद आहे की नाही, हे शस्त्रक्रिया संपवण्यापूर्वी पाहण्याची पद्धत. जोड फुटल्यास मळ उदरपोकळीत पसरून जिवावर बेतू शकते. दुर्बिणीद्वारे बृहदांत्र काढण्याचा आरंभ साधारणपणे १९९० मध्ये अमेरिकेतील मायामी येथे शल्यविशारद जेकब्ज यांनी केला, असे मानतात. या पद्धतीत जोड बोटांनी चाचपता येत नाही, म्हणून चाचणीला अधिक महत्त्व आले.

ओटीपोटात सलाईन भरून जोड बुडवतात, वरचे आतडे चिमट्याने दाबून धरतात आणि गुदद्वारातून हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोडात छिद्र आहे, असे समजतात. डोके खाली केलेल्या स्थितीत सलाईन छातीकडे सरकते, त्यामुळे आधी टेबल समतल करणे इष्ट. काही शल्यविशारद हवेऐवजी मेथिलीन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य वापरतात. स्टेपलरमधून (पिना मारून आतडे जोडणाऱ्या यंत्रातून) निघालेली ऊतकाची दोन्ही कडी अखंड आहेत का, हेही पाहतात. उजव्या बाजूच्या जोडांसाठी हवेची चाचणी क्वचितच करतात.

चाचणीच्या उपयुक्ततेचा महत्त्वाचा पुरावा बिअर्ड व सहकाऱ्यांच्या १९९० मधील यादृच्छिक (रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलेल्या) अभ्यासातून मिळतो : लक्षणे दिसणारी गळती चाचणी केलेल्या गटात ४ टक्के, तर न केलेल्या गटात १४ टक्के होती. रिक्कियार्डी यांनी २००९ मध्ये डाव्या बाजूचे ९९८ जोड तपासले. चाचणीत निर्दोष ठरलेल्यांपैकी ३.८ टक्के जोड पुढे गळले, चाचणीच न झालेल्यांपैकी ८.१ टक्के. बुडबुडे दिसल्यावर केवळ टाके घातलेल्या रुग्णांत १२.२ टक्के गळती झाली. जोड नव्याने केला किंवा मळाचा मार्ग तात्पुरता वळवला, तेथे ती आढळली नाही. रिक्कियार्डी यांच्या अभ्यासातील रुग्ण मात्र चिठ्ठ्या टाकून विभागलेले नव्हते. तरी नुसत्या टाक्यांवर विसंबू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

निर्दोष ठरलेला जोडही गळतो, कारण हवेला छिद्र सापडते, पण रक्तपुरवठ्याची उणीव सापडत नाही. ती पाहण्यासाठी शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य देऊन अवरक्तसंवेदी कॅमेऱ्याने रंगाची चमक पाहतात. या तपासणीच्या लाभाविषयी एकमत नाही. गुदाशयाच्या शस्त्रक्रियांवरील २०२३ च्या जपानी अभ्यासात या तपासणीमुळे गळती ११.८ वरून ७.६ टक्क्यांवर आली. मुदतीआधीच थांबलेल्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र तपासणीविना ९.६ व तपासणीसह ९.० टक्के असा नगण्य फरक दिसला. त्यामुळे ही तपासणी हवेच्या चाचणीला पूरक मानावी, पर्याय नव्हे.