बॉस्टन ब्रुइन्स : २०२२–२३ चा मोसम

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग म्हणजेच एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेत बॉस्टन ब्रुइन्सने २०२२–२३ च्या साखळीत ८२ पैकी ६५ सामने जिंकून १३५ गुण मिळवले. विजय आणि गुण या दोन्ही बाबतींत हा लीगचा उच्चांक आहे. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत फ्लॉरिडा पँथर्सने त्यांना ४–३ असे हरवले. हा मोसम आज प्रामुख्याने या पराभवामुळे ओळखला जातो. उच्चांकांचे मूल्यमापन त्यामुळे मागे पडले आहे.

पार्श्वभूमी : १९२४ मध्ये स्थापन झालेला ब्रुइन्स हा लीगमधला अमेरिकेतील पहिला संघ. या मोसमाआधी त्याने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, सहा वेळा जिंकला होता, शेवटचा २०११ मध्ये. जून २०२२ मध्ये व्यवस्थापनाने प्रशिक्षक ब्रूस कॅसिडी यांना दूर केले आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या जागी जिम माँटगोमेरी यांना नेमले. संघ वयाने मोठा होता. कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन ३७ वर्षांचा, तर डेव्हिड क्रेची एक मोसम मायदेशी चेकियात खेळून परतलेला. दोघांनीही कमी पगाराचे एका वर्षाचे करार केले आणि उरलेली रक्कम बोनसच्या रूपात घेण्याचे मान्य केले. पगारमर्यादेच्या (संघाच्या एकूण पगारखर्चावरील मर्यादेच्या) नियमांनुसार अशा बोनसचा बोजा पुढच्या मोसमावर टाकता येतो. सुमारे ४५ लाख डॉलरचा हा बोजा संघाला २०२३–२४ मध्ये खरोखरच सोसावा लागला. हे वर्ष हातचे जाऊ द्यायचे नाही, असा हिशेब त्यामागे होता.

सुरुवातीला अपेक्षा बेताच्या होत्या. ब्रॅड मार्शंड आणि बचावपटू चार्ली मॅकअ‍ॅव्हॉय हे दोघेही शस्त्रक्रियेतून सावरत होते आणि पहिल्या काही सामन्यांना मुकणार होते. बाद फेरी गाठली तरी पुष्कळ, असे म्हणणारेही होते.

साखळी टप्पा : घरच्या मैदानावरचे पहिले १४ सामने ब्रुइन्सने सलग जिंकले, हाही उच्चांकच. ही मालिका डिसेंबरमध्ये व्हेगास गोल्डन नाइट्सने शूटआउटमध्ये (जादा वेळेनंतरही बरोबरी असल्यास एकेका खेळाडूने गोलरक्षकाविरुद्ध मारायचे फटके) खंडित केली. व्हेगासचे प्रशिक्षक तेव्हा कॅसिडी होते. २ जानेवारी २०२३ रोजी फेनवे पार्क या बेसबॉल मैदानावर उघड्यावर झालेल्या विंटर क्लासिक सामन्यात पिट्सबर्गला २–१ असे हरवताना दोन्ही गोल जेक डेब्रस्कने केले. संघाने १०० गुणांचा टप्पा ६१ सामन्यांत आणि ५० विजयांचा टप्पा ६४ सामन्यांत गाठला. इतक्या लवकर तिथे आधी कोणी पोहोचले नव्हते.

डेव्हिड पास्टर्नाकने ६१ गोल केले. गोलरक्षक लिनस उलमार्कने ४० सामने जिंकले आणि सामन्यामागे सरासरी १.८९ गोल दिले. फेब्रुवारीत व्हँकुव्हरविरुद्ध प्रतिस्पर्ध्याचे जाळे रिकामे असताना त्याने लांबून पक (खेळातली रबरी चकती) मारून स्वतः एक गोलही नोंदवला. लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाणारा संघ हाच होता. या कामगिरीत जेरेमी स्वेमन या दुसऱ्या गोलरक्षकाचा वाटा लक्षणीय होता. दोघे आलटूनपालटून खेळत. पुढे जो वाद झाला त्याचे मूळ या वाटणीत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला झालेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत दिमित्री ऑर्लोव्ह, गार्नेट हॅथवे आणि टायलर बर्तुझी संघात आले. ९ एप्रिलला फिलाडेल्फियात ६३ वा विजय मिळाला आणि त्याच सामन्यात पास्टर्नाकने हॅटट्रिक करून साठावा गोल नोंदवला. दोनच दिवसांनी वॉशिंग्टनविरुद्ध गुणांचाही उच्चांक मोडला.

उच्चांकांचे स्वरूप : विजयांचा आधीचा उच्चांक ६२ होता. तो १९९५–९६ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जने केला आणि २०१८–१९ मध्ये टँपा बे लाइटनिंगने त्याची बरोबरी केली. गुणांचा उच्चांक १३२ होता आणि तो १९७६–७७ पासून मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्सच्या नावावर होता. हे आकडे एकाच स्तंभात मांडले जातात. मात्र ते ज्या नियमांखाली मिळाले ते नियम वेगवेगळे होते, म्हणून तुलना जपून करावी लागते.

१९७६–७७ मध्ये साखळीत जादा वेळ नव्हता. ६० मिनिटांनंतर बरोबरी असली तर दोघांना एकेक गुण मिळे आणि सामना तिथेच संपे. पाच मिनिटांचा जादा वेळ १९८३–८४ पासून आला. जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण देण्याची पद्धत १९९९–२००० मध्ये सुरू झाली. २००५–०६ पासून शूटआउट आले आणि बरोबरी हा निकालच उरला नाही. २०१५–१६ पासून जादा वेळेत दोन्ही बाजूंना गोलरक्षक सोडून तीनच खेळाडू ठेवतात, त्यामुळे बर्फावर मोकळी जागा वाढते आणि निकाल बहुधा शूटआउटआधीच लागतो. म्हणजे आज नियमित वेळेत बरोबरी राहिलेल्या प्रत्येक सामन्यातून दोनऐवजी तीन गुण वाटले जातात, आणि तिसरा गुण कोणाला जाणार हे बहुतांशी वेगळ्याच प्रकारच्या खेळावर ठरते.

ब्रुइन्सच्या ६५ विजयांपैकी ५४ नियमित वेळेतले होते, उरलेले ११ जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये मिळाले. त्या पद्धतीने आणखी ५ सामने ते हरले. हेच निकाल १९७६–७७ च्या नियमाने मोजले तर ५४ विजय, १२ पराभव आणि १६ बरोबऱ्या, म्हणजे १२४ गुण होतात. कॅनेडियन्सचे ६० विजय, ८ पराभव आणि १२ बरोबऱ्या ८० सामन्यांतल्या होत्या. मिळू शकणाऱ्या गुणांपैकी प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांचा वाटा पाहिला, तर कॅनेडियन्सचा ८२.५ टक्के आणि ब्रुइन्सचा आजच्या नियमानेही ८२.३ टक्के येतो. या मोजपट्टीवर सर्वांत वरचे नाव ब्रुइन्सचेच आहे, मात्र ते १९२९–३० च्या ब्रुइन्सचे. त्यांनी ४४ पैकी ३८ सामने जिंकून ८७.५ टक्के गुण मिळवले होते. तो संघ संपूर्ण साखळीत लागोपाठ दोन सामने हरला नव्हता. पुढे तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत कॅनेडियन्सकडून तो नेमका सलग दोन सामने हरला.

याचा अर्थ २०२२–२३ चा उच्चांक पोकळ होता असा काढणे बरोबर नाही. सत्तरच्या दशकात लीगचा विस्तार घाईने झाला होता. वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगने अनेक खेळाडू ओढून नेले होते, आणि तळाचे काही संघ अगदीच कमकुवत होते. २००५–०६ पासून पगारमर्यादा आहे. २०२२–२३ मध्ये ती प्रत्येक संघाला ८ कोटी २५ लाख डॉलर होती आणि लीगमध्ये ३२ संघ होते. अशा समतल स्पर्धेत नियमित वेळेतले ५४ विजय ही असामान्य गोष्ट आहे. गुणांच्या उच्चांकापेक्षा या आकड्याला आणि खाल्लेल्या गोलांच्या हिशेबाला अधिक वजन देणे योग्य दिसते. डेट्रॉइटचे ६२ विजय शूटआउटच्या आधीच्या काळातले असल्याने त्यांची बाजू मांडणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

फ्लॉरिडाविरुद्धची मालिका : फ्लॉरिडाचे ९२ गुण होते, म्हणजे ब्रुइन्सपेक्षा ४३ कमी. पिट्सबर्ग आणि बफेलो यांच्यापेक्षा अवघा एक गुण अधिक मिळाल्याने त्यांना पूर्व विभागातून बाद फेरीची शेवटची जागा मिळाली होती. तळाचा संघ या वर्णनाने मात्र थोडी दिशाभूल होते. आदल्या वर्षी साखळीत अव्वल येऊन प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकणारा संघ फ्लॉरिडाच होता, आणि त्यानंतर आक्रमक मॅथ्यू कचक त्यांच्याकडे आला होता.

पहिल्या चार सामन्यांनंतर ब्रुइन्स ३–१ असे पुढे होते. यांतले दोन सामने त्यांनी फ्लॉरिडात जाऊन जिंकले होते. बर्जरॉन या चारही सामन्यांत नव्हता. साखळीतल्या शेवटच्या, निकालाने काहीच फरक न पडणाऱ्या मॉन्ट्रिऑलच्या सामन्यात त्याच्या पाठीच्या मणक्यांमधील चकती सरकली होती. त्याला त्या सामन्यात का उतरवले, हा प्रश्न नंतर वारंवार विचारला गेला. क्रेचीही तिसऱ्या सामन्यापासून बाहेर होता. तरीही मालिका हातात होती.

२६ एप्रिलचा पाचवा सामना बॉस्टनमध्ये झाला. ३–३ अशी बरोबरी असताना नियमित वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी मार्शंड एकटा गोलरक्षकावर चालून गेला. सेर्गेई बोब्रोव्स्कीने तो फटका अडवला. जादा वेळेत सहा मिनिटे उलटल्यावर उलमार्क आपल्या जाळ्यामागे पक घ्यायला गेला. तिथून त्याला तो नीट बाहेर काढता आला नाही. फ्लॉरिडाच्या कार्टर व्हरहेगीने मध्ये येऊन पक हिसकावला, समोर उभ्या असलेल्या कचककडे दिला, आणि गोलरक्षक जागेवर येण्याआधी गोल झाला. मार्शंडचा फटका जाळ्यात गेला असता तर ब्रुइन्स तिथेच पुढच्या फेरीत गेले असते आणि उलमार्कची चूक घडलीच नसती. मालिकेचे विश्लेषण करणाऱ्यांनी या दोन क्षणांना सारखेच महत्त्व द्यायला हवे होते. प्रत्यक्षात चर्चा दुसऱ्याचीच झाली.

सहाव्या सामन्यात ब्रुइन्स शेवटच्या सत्रात ५–४ असे पुढे असूनही ७–५ असे हरले. ३० एप्रिलच्या सातव्या सामन्यात माँटगोमेरी यांनी उलमार्कऐवजी स्वेमनला उतरवले. ०–२ अशा पिछाडीवरून ब्रुइन्सने ३–२ अशी आघाडी घेतली. सुमारे एक मिनिट उरले असताना, फ्लॉरिडाने गोलरक्षक काढून सहावा आक्रमक आणलेला असताना, बचावपटू ब्रँडन माँटूरने बरोबरी साधली. जादा वेळेत ८ मिनिटे ३५ सेकंदांनी व्हरहेगीने निर्णायक गोल केला.

कारणमीमांसा : गुणांतल्या फरकावरून हा लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा धक्का, असे सरसकट लिहिले जाते, ते काटेकोर नाही. १९८२ मध्ये ६३ गुणांच्या लॉस एंजेलिस किंग्जने १११ गुणांच्या एडमंटन ऑइलर्सना हरवले तेव्हा फरक ४८ होता. ती मालिका पाच सामन्यांची होती हे खरे. २०१९ मध्ये टँपा बे १२८ गुण मिळवून कोलंबस ब्लू जॅकेट्सकडून ४–० असा हरला. कोलंबसचा तेव्हाचा गोलरक्षकही बोब्रोव्स्कीच होता. खुद्द ब्रुइन्सच्या इतिहासातही याचे पूर्वउदाहरण आहे. १९७०–७१ मध्ये विजेतेपद राखायला उतरलेला, फिल एस्पोझिटोच्या ७६ गोलांचा संघ पहिल्याच मालिकेत सात सामन्यांत मॉन्ट्रिऑलकडून गारद झाला होता. समोर होता साखळीत जेमतेम सहा सामने खेळलेला नवखा गोलरक्षक केन ड्रायडन.

प्रेसिडेंट्स ट्रॉफी शापित आहे, हे चाहत्यांमध्ये रूढ असलेले मत इथे नोंदवण्यापुरतेच. १९८५–८६ पासून २०२३ पर्यंत ती जिंकणाऱ्या आठ संघांनी त्याच वर्षी स्टॅनली कपही जिंकला. सोळा संघांच्या बाद फेरीत हे प्रमाण शापाचे मुळीच वाटत नाही.

गंभीर मतांमध्ये दोन प्रवाह दिसतात. एकाचा भर योगायोगावर आहे. या खेळात गोल थोडे होतात, पक कोणाच्याही स्केटला लागून दिशा बदलतो, आणि एक गोलरक्षक दोन आठवडे बहरला तर कागदावरचे अंतर पुसले जाते. खरे अंतर दिसायला सात सामने अपुरे पडतात. दुसऱ्या मताचा भर निर्णयांवर आहे. साखळीभर आलटूनपालटून खेळलेल्या जोडीपैकी उलमार्कला पहिले सहाही सामने देण्यात आले. तो पूर्ण तंदुरुस्त नसल्याची चर्चा तेव्हाही होती. मालिकेत त्याने अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेले. साखळीत तेच जवळपास ९४ टक्के होते. स्वेमनला थेट अखेरच्या सामन्यात, तोही पुरेशा सरावाविना, उतरवणे ही मधली वाट झाली आणि तिचा लाभ कोणालाच मिळाला नाही. पहिले मत मूलतः अधिक पटण्याजोगे आहे. पण वर्षभर यशस्वी ठरलेली व्यवस्था नेमकी बाद फेरीत का मोडली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

नंतरचा काळ : फ्लॉरिडा पुढे स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. तिथे त्यांना हरवणारा संघ होता कॅसिडींचा व्हेगास. वैयक्तिक पुरस्कारांत ब्रुइन्सचेच वर्चस्व राहिले. उलमार्कला सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना, बर्जरॉनला बचावातही सरस ठरणाऱ्या आक्रमकाची सेल्की (सहाव्यांदा) आणि माँटगोमेरी यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाची जॅक अ‍ॅडम्स ट्रॉफी मिळाली. बर्जरॉनने जुलैत आणि क्रेचीने ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली. कर्णधारपद मार्शंडकडे आले. उलमार्क २०२४ मध्ये ऑटवाला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये माँटगोमेरी यांनाही पदावरून दूर करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये ब्रुइन्सने मार्शंडला फ्लॉरिडाच्याच हवाली केले, आणि त्या वर्षी त्याने त्यांच्याकडून स्टॅनली कप जिंकला.