शिक्षकाचं काम निकालावरून कळत नाही, मग मोजायचं कसं?

दहावीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात चौकाचौकात शाळांचे अन् क्लासेसचे फ्लेक्स लागतात, 100 टक्के निकाल वगैरे, आणि घरोघरी चर्चा सुरू होते की त्या शाळेतले सर भारी, आपल्याकडचे तसे नाहीत. माझी ताई काटोल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते, दोन शिक्षक आणि चार वर्ग. ती नेहमी म्हणते, "पोरगं माझ्याकडे आलं तेव्हा त्याला काय येत होतं, हे कोणीच विचारत नाही."

खरं तर हाच प्रश्न विल्यम सँडर्स नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात धरून ठेवला आणि 1990 च्या दशकात तिथं त्याची पद्धत लागू झाली. आयडिया सोपी आहे, मुलाचे मागच्या वर्षांचे मार्क बघायचे, त्यावरून यंदा किती पडतील याचा अंदाज काढायचा, प्रत्यक्षात किती पडले ते बघायचं आणि सगळ्या वर्गाच्या फरकाची सरासरी म्हणजे शिक्षकानं घातलेली भर. नुसत्या निकालापेक्षा हे कितीतरी न्यायाचं आहे.

पण समजा वर्गात 12 मुलं आहेत. एकाला 60 मिळाले असते, पण परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणला आणि 0 धरले, तर अख्ख्या वर्गाची सरासरी 5 मार्कांनी खाली येते. याच्यात शिक्षकाचा काय दोष? शिवाय आपल्याकडे उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, मग मुलाला आधी किती येतं हे बघायची चाचणी शाळा उघडताच घेतली की महिनाभर उजळणी झाल्यावर, यानंही आकडा बदलतो. आणि एखाद्या वर्षी वर्ग नशिबानं वर गेला असेल तर पुढच्या वर्षी तो बहुतेक खालीच येणार, शिक्षक तेच असले तरी. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं 2014 मध्ये सांगितलं की बहुतेक अभ्यासांत, मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो त्यातला 1 ते 14 टक्केच भाग शिक्षकांमुळे येतो. याचा अर्थ शिक्षकानं फरक पडत नाही असा अजिबात काढू नका! राज चेट्टी या अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी लाखो मुलांच्या नोंदी तपासून दाखवलं की चांगले शिक्षक मिळालेली मुलं पुढे कॉलेजला जास्त जातात आणि कमावतातही जास्त. परिणाम खरा आहे, फक्त एका वर्षाच्या एका आकड्यात तो नीट पकडता येत नाही.

म्हणून मला दुसरा मार्ग जास्त पटतो, तो म्हणजे वर्गातला वेळ मोजायचा. स्टॉलिंग्ज पद्धतीत निरीक्षक मागं बसतो आणि एका तासात 10 वेळा, दर वेळी 15 सेकंद, वर्गावर नजर फिरवून नोंद करतो की शिक्षक काय करताहेत, किती मुलं गुंतलेली आहेत. चांगल्या वर्गात 85 टक्के वेळ शिकवण्यात जावा अशी अपेक्षा असते. जागतिक बँकेनं लॅटिन अमेरिकेतल्या 7 देशांत सुमारे 15,000 वर्ग असे बघितले आणि एकाही देशाची सरासरी 65 टक्क्यांच्या वर गेली नाही, म्हणजे आठवड्यातला एक पूर्ण दिवस हवेत गेला. आपल्याकडे हे मोजलं तर शिक्षकाइतकीच व्यवस्थाही उघडी पडेल. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं लिहिलंय, पण ताईचा फोन भर तासात वाजतो, "अर्जंट माहिती भरा", आणि एक वर्ग तसाच बसून राहतो. हे बघून मला फार वाईट वाटतं.

आणि सुधारणा कशी होते म्हणाल, तर मला सगळ्यात आवडलेलं काम मेरी बड रो या अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक बाईंचं आहे. त्यांनी 1970 च्या आसपास वर्गांचं टेप रेकॉर्डिंग ऐकलं आणि लक्षात आलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी 1 सेकंदसुद्धा थांबत नाहीत. 3 सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं कमी होतात, ज्यांना आपण कच्ची म्हणतो ती बोलायला लागतात. मुलानं उत्तर दिल्यावरही तसंच थांबायचं असतं, हे तर आणखी महत्त्वाचं. खर्च शून्य.

ताईला सांगितलं तर तिनं मोबाईलवर स्वतःचा तास रेकॉर्ड केला अन् रात्री ऐकत बसली, तीही सेकंदभर थांबत नव्हती. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यावर ताटली ठेवून तिनं विचारलं, हे थेंब कुठून आले? आणि मनात एक-दोन-तीन मोजलं. कधीच न बोलणारी एक पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या भाताच्या झाकणाले बी असेच लागतेत." ताई लगेच "शाब्बास" म्हणणार होती, पण पुन्हा थांबली, पुन्हा एक-दोन-तीन, आणि पोरगी पुढं बोलली, "म्हंजे वाफ थंडी झाली का पानी होते ना?"