पाळीचा कप घ्यायच्या आधी हे एकदा वाचा, ताई

आम्ही कापडी पॅड आणि पाळीचे कप (पाळीचं रक्त साठवायला आत घालतात ते) विकतो. आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न किमतीचा नाहीये. दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून, हळूच विचारतात, "कप घातल्यावर लघवीला कसं जायचं हो?" आधी वाटलं एखादीचा प्रश्न असेल, पण मग कॉलेजच्या पोरींपासून दोन लेकरांच्या आयांपर्यंत सगळ्याच विचारून राहिल्या, तेव्हा आम्ही बसून हा कागद लिहिला. कपाच्या डब्यात टाकतो, कापडी पॅड नेणाऱ्यांनाही देतो. घरी पोरगी असेल तर तिच्या हातात द्या.

तर उत्तर असं की खाली वाटा तीन आहेत, दोन नाही. सगळ्यात पुढे लघवीचं बारीक छिद्र, मधात योनीमार्ग आणि मागे शौचाची जागा. पाळीचं रक्त मधल्या वाटेने येतं, बाळ तिथूनच येतं आणि कपही तिथेच बसतो, म्हणून लघवीची वाट मोकळीच राहते, कप काढायची गरज नाही. खरं वाटत नसेल तर दार लावून, हातात आरसा घेऊन एकदा बघून घ्या.

दुसरा प्रश्न, आत हरवला तर? नाही हरवत. योनीमार्ग साधारण ७ ते १० सेंटिमीटरचा, आणि वरच्या टोकाला गर्भपिशवीचं तोंड, बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. त्या तोंडाचं छिद्र इतकं बारीक की कप काय, साधं बोटही आत जात नाही. कप वर सरकला वाटला तर उकिडवं बसा, शौचाला लावतो तसा थोडा जोर लावा, कपाचं बूड चिमटून हवा सुटू द्या आणि मग काढा, दांडी धरून खसकन ओढायचं नाही. कॉपर-टी बसवलेल्या ताईंनी तर हे पक्कं लक्षात ठेवा, हवा न सोडता ओढला तर कॉपर-टी जागेवरून सरकू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून या, आम्ही तोवर कप विकत नाही, राग मानू नका.

तिसरा प्रश्न आया विचारतात, लग्न न झालेल्या पोरीला चालतो का. ज्याला पडदा म्हणतात ती योनीमार्गाच्या तोंडाशी असलेली पातळ घडी आहे, तिला जन्मापासूनच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलं असतं का? प्रत्येकीची वेगळी असते, ताणली जाते, आणि ती बघून संबंध आला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. बलात्काराच्या केसमध्ये तेच बघायला करायचे ती दोन बोटांची तपासणी सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच चुकीची ठरवलीये. पण पोरीला स्वतःला नको वाटत असेल तर जबरदस्ती नको, पॅड आहेतच की.

आता पिशवीबद्दल. गर्भपिशवी म्हणजे उलटा धरलेला लहान पेरू समजा, ७-८ सेंटिमीटरचा. दोन्ही बाजूंनी नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी सालीसकट बदामाएवढे दोन बीजांडकोश (बीजं इथे असतात). दर महिन्यात बहुतेक वेळा एकच बीज सुटतं, पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी. तोवर पिशवीत मऊ अस्तर तयार होऊन राहिलेलं असतं, गर्भ राहिला नाही की ते रक्तासोबत बाहेर पडतं. म्हणजे ते "घाण रक्त" वगैरे काही नाही, आणि त्यासाठी कोणाला बाजूला बसवायचीही गरज नाही.

दिवस कसे मोजायचे यातही घोळ असतो. रक्त आलं तो पहिला दिवस, तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. २१ ते ३५ दिवसांत कधीही आली तर नॉर्मल, नव्याने पाळी सुरू झालेल्या पोरींना पहिली काही वर्षं ४५ दिवसही लागतात. पूर्ण पाळीत रक्त सरासरी ३०-४० एमएल जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, ८० च्या वर गेलं तर जास्त समजतात. कपाचा हा एक फायदा कोणी सांगत नाही, बऱ्याच कपांवर एमएलच्या खुणा असतात, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर "खूप जातं हो" च्या ऐवजी आकडा सांगता येतो. (कपात रक्तासोबत बाकीचं पाणी-अस्तरही असतं, तेवढं धरून चाला.)

मोठा पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर चालत असेल, मधातच किंवा संबंधानंतर रक्त येत असेल, तीन महिने आलीच नसेल, किंवा पाळी कायमची जाऊन वर्ष झाल्यावर एक डागही लागला, तर आमच्याकडे नाही, डॉक्टरकडे जा. शेवटचं तर अजिबात टाळू नका. हिमोग्लोबिनही बघा. आपल्या विदर्भात सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) बरंच आहे, ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

आणि महालक्ष्म्या आल्या की मेडिकल स्टोअरमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणतात, ते नका करू. पायात रक्ताची गाठ झालेली असेल, लिव्हरचा त्रास असेल तर त्या गोळ्या धोक्याच्या आहेत.

पांढरं जाणं रोजचंच आहे, वास नसेल, खाज नसेल तर काळजी नाही. दह्यासारखं आणि खाज, किंवा माशासारखा वास, तर दाखवा. आतून साबणाने धुवायचं नाही, आतली जागा स्वतःच साफ राहते, महागडा वॉशही लागत नाही (म्हणून आम्ही ठेवतच नाही).

डॉक्टरकडे जायची भीती बहुतेक टेबलावर चढायची असते, म्हणून तिथे काय होतं ते सांगतो. आधी लघवी करून यायला सांगतात. मग पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, वर चादर असते. बाहेरून बघतात, मग बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालून हळूच उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. पॅप टेस्ट (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) असेल तर तिथूनच छोट्या ब्रशने नमुना घेतात, काही सेकंदांचं काम, दुखण्यापेक्षा दाब जाणवतो. शेवटी दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवीचा आकार बघतात. तोंडाने श्वास सोडत राहा, अंग आवळलं की जास्त टोचतं. नर्सला सोबत राहायला सांगायचा, मधातच "थांबा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संबंध आलेला नसेल तर आधीच सांगा, तेव्हा बहुतेक पोटावरून सोनोग्राफी करतात, आणि त्यासाठी उलट लघवी भरलेली लागते, म्हणून फोन करून विचारूनच पाणी प्या. तिशीनंतर तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या, इथे तोंड म्हणजे पिशवीचं. सरकारीत जायचं तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा या तिन्ही दवाखान्यांत ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, रांग असते.

कापडी पॅडवाल्यांनो, पॅड ओढणीखाली लपवून वाळवू नका. नागपूरचं ऊन कशासाठी आहे? मे महिन्यात गच्चीवर टाका, लगेच खडखडीत होतात. पावसाळ्यात ओलसर राहिला तर वापरू नका. कप पाळीच्या आधी आणि नंतर ५ मिनिटं उकळा, त्याचं भांडं वेगळं ठेवा, आणि १२ तासांच्या वर आत ठेवू नका. ताप, उलटी, अंगावर चट्टे आले तर कप काढून सरळ दवाखाना.

सील उघडलेला कप परत घेता येत नाही, म्हणून साइजबद्दल शंका असेल तर डबा फोडायच्या आधीच विचारा. दुपारी २ ते ४ काउंटरवर फक्त बायाच असतात.