जुन्या चित्रपटगृहाचे हौशी नाट्यगृह : गोव्यातील पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

बंद पडलेले चित्रपटगृह नाटकासाठी घ्यायचे ठरले की मंडळे बहुधा पडदा, दिवे आणि खुर्च्यांच्या मागे लागतात. त्याआधी नव्या आसनसंख्येसह रंगमंचाचा नकाशा पक्का करा. पुढच्या परवानग्या त्याच नकाशावर तपासल्या जातात. सिनेमा दाखवण्याचा जुना परवाना नाटकासाठी चालत नाही.

अर्ज कोणी करायचा

इमारतीच्या मालकाने, किंवा मालकाच्या लेखी संमतीने भाडेपट्टा घेतलेल्या संस्थेने. मंडळाची १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी हवी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर मोठी दुरुस्ती अंगावर घेऊ नये.

गोव्यात फाइल सर्वांत जास्त अडते ती मालकीवर. ग्रामीण भागात एक-चौदाचा उतारा, शहरात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (दोन्ही जमिनीच्या नोंदीचे कागद) काढा आणि त्यावरची नावे आज हयात आहेत का ते पाहा. मूळ मालक वारले असतील आणि वारसांची इन्व्हेंटरी (मालमत्तेची कायदेशीर वाटणी) झालेली नसेल, तर एका भावाने करून दिलेला भाडेपट्टा टिकत नाही. इथल्या नागरी कायद्यामुळे मालकी पती-पत्नी दोघांची असू शकते; म्हणून दोघांच्याही सह्या घ्या.

नियोजन आणि बांधकाम परवाना

जागा पीडीएच्या (नियोजन व विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर अर्ज तिथे, नसेल तर नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात. सोबत मालकीचे कागद, सर्व्हे प्लॅन, सध्याचा व प्रस्तावित नकाशा आणि इमारतीच्या मजबुतीचा स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला जोडा. चित्रपटगृहाचे छत दिव्यांच्या बारचे वजन पेलण्यासाठी बांधलेले नसते, त्यामुळे ते वजन दाखल्यात स्वतंत्रपणे धरायला सांगा. समुद्र किंवा भरतीची नदी जवळ असल्यास सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) तपासणी आधी करून घ्या. तांत्रिक मंजुरी आली की बांधकाम परवाना पंचायत वा पालिकेकडून घ्यायचा.

अग्निशामक दलाचा दाखला

नकाशा करतानाच इथली चूक होते. पडद्यासमोर रंगमंचाला पंचवीस-तीस फूट खोली दिली की पुढच्या रांगा जातात. पडद्याच्या दोन्ही बाजूंची आणीबाणीची दारे विंगेत अडकतात आणि मग तिथेच नेपथ्याचे फ्लॅट (उभ्या चौकटी) रचले जातात. प्रेक्षकांचे दोन मार्ग असे गेले, तर प्रेक्षागाराच्या बाजूने तेवढेच नवे मार्ग काढावे लागतात. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार सभागृहाच्या बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान २ मीटर हवी. दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. प्रयोग चालू असताना कुलूप नको. पडदे व झालरींवर अग्निरोधक प्रक्रिया केल्याचा कागद जपून ठेवा.

पीडीएच्या नकाशात ४०० खुर्च्या आणि अग्निशामक दलाच्या नकाशात ३६० असा फरक राहिला, तर फाइल परत येते. सगळीकडे एकच, तारीख घातलेला नकाशा द्या.

वीज आणि ऑक्युपन्सी

हजार वॉटचे चोवीस दिवे म्हणजे २४ किलोवॉट, वर वातानुकूलन वेगळे. वीज खात्याकडे वाढीव भाराचा अर्ज काम सुरू होतानाच करा. डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र) आणि ध्वनियंत्रणा एकाच फेजवर ठेवली तर स्पीकरमधून घरघर ऐकू येते. वायरिंगच्या आराखड्यातच दोन्ही वेगळे दाखवा. काम संपल्यावर अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला, अग्निशामक दलाचा अंतिम दाखला आणि आरोग्य खात्याची ना हरकत जोडून ऑक्युपन्सीसाठी, म्हणजे इमारत वापरात आणण्याच्या दाखल्यासाठी, अर्ज करायचा. १:१२ उताराचा रॅम्प आणि अपंगांसाठीचे स्वच्छतागृह नकाशात पहिल्यापासून असू द्या. मागाहून जागा सापडत नाही.

अनुदान

केंद्राच्या कला संस्कृती विकास योजनेत इमारत आणि स्टुडिओ थिएटरसाठी साहाय्याची तरतूद आहे. संस्था नोंदणीकृत व ना-नफा असावी लागते, एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक लागतो. राज्यातील योजनांसाठी कला व संस्कृती संचालनालयात चौकशी करा. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि केलेल्या प्रयोगांचे पुरावे आधीच तयार ठेवा. मुदत संपत आली की लेखापरीक्षकाची सही वेळेत मिळत नाही.