अश्रूंतील दाहसूचके

अश्रूंतील दाहसूचके : डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह चालू असताना अश्रूंमध्ये ज्यांचे प्रमाण वाढते अशी प्रथिने. शुष्क नेत्रविकाराच्या, म्हणजे डोळे कोरडे पडण्याच्या, संदर्भात त्यांचा विशेष अभ्यास झाला आहे. इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा व इंटरफेरॉन-गॅमा ही त्यांतील प्रमुख; ही सायटोकाइने, म्हणजे पेशींनी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडलेली प्रथिने. एमएमपी-९ (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज-९) हे प्रथिने तोडणारे एंझाइम दवाखान्यातील तपासणीत वापरले जाते. याउलट लायसोझाइम व लॅक्टोफेरिन ही संरक्षक प्रथिने अश्रुग्रंथी मंदावली की घटतात.

कारण की परिणाम : दाह हे विकाराचे मूळ आहे की फळ, याविषयी एकमत नाही. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात डोळ्यांचा कोरडेपणा, तोंडाचा कोरडेपणा व संधिविकार यांची सांगड घातली; हाच श्योग्रेन विकार. पुढे अशा रुग्णांच्या अश्रुग्रंथींत लसीकापेशींनी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींनी) केलेली घुसखोरी महत्त्वाची ठरली. तरीही ‘पाणी कमी पडते किंवा लवकर उडून जाते’ हीच समजूत दीर्घकाळ टिकली. अमेरिकेतील १९९५ च्या व्याख्येत दाहाचा उल्लेख नाही. तो आला २००७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत, अश्रूंच्या वाढलेल्या क्षारतीव्रतेबरोबर, म्हणजे खारटपणाबरोबर. २०१७ मध्ये तीत मज्जासंवेदनेतील बिघाडाचीही भर पडली.

क्षारतीव्रतेपासून सुरुवात मानणाऱ्यांची मांडणी अशी : बाष्पीभवन वाढले की अश्रू खारट होतात. त्या ताणाने पृष्ठभागाच्या पेशी सायटोकाइने व एमएमपी-९ सोडतात. एमएमपी-९ मुळे स्वच्छमंडलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशींमधील घट्ट सांधे सैल होतात. टी-लसीकापेशी जमतात, त्यांच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे श्लेष्म स्रवणाऱ्या चषकपेशी नष्ट होतात. श्लेष्म कमी झाल्याने अश्रुपटल, म्हणजे डोळ्यावरील अश्रूंचा पातळ थर, अधिक लवकर फाटते आणि बाष्पीभवन आणखी वाढते. दुसऱ्या मताप्रमाणे रोगप्रतिकारयंत्रणेचा बिघाड आधी असतो. श्योग्रेन विकारापुरते ते पटण्यासारखे आहे. इतर बहुसंख्य रुग्णांना मात्र दुष्टचक्राची मांडणी अधिक लागू पडते. या चक्रात शिरण्याची वाट कोणतीही असू शकते.

तपासणी : खरी अडचण नमुन्याची आहे. डोळ्यात एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर इतकेच अश्रू असतात. ५ मिमी. रुंद व ३५ मिमी. लांब, अश्रू टिपणाऱ्या कागदी शर्मर पट्टीचे दुमडलेले टोक खालच्या पापणीत, कानाकडच्या बाजूस अडकवतात. ती टोचली की डोळा भरून येतो आणि त्या पाण्यात दाहसूचके विरळ होतात. म्हणून संशोधनात बारीक काचनळीने, पापणीला धक्का न लावता, अश्रू घेणे पसंत करतात. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एमएमपी-९ च्या झटपट चाचणीत दर मिलिलिटरला ४० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरतात. सुमारे १० मिनिटांत रंगीत रेघ उमटते. मात्र ॲलर्जी किंवा जंतुसंसर्गातही ती उमटू शकते आणि कोरडेपणा असूनही काहींत उमटत नाही. निदान केवळ तिच्यावर बेतू नये.

सोलापूरचे उदाहरण : हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो, एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग आणि विड्या वळणे हे शहरातील जुने व्यवसाय. कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, त्यामुळे मागावरच्या कामगाराला ताण्यावर टक लावून राहावे लागते. टक लावली की पापण्यांची उघडझाप मंदावते. विडी कामगार बाई मांडीवरच्या सुपातील तंबाखूवर तासन्‌तास मान घालून बसते, धूळ चेहऱ्यापाशीच असते. कोरडी हवा, धूळ व कमी उघडझाप ही तिन्ही कारणे अशी एकत्र येतात. ‘डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपतं, चुरचुरतं, पाणी येतं’ अशी तक्रार ऐकली की कोरडेपणाची शंका घ्यायला हवी. पाणी येणे याच्या विरोधात जात नाही. चिडलेला डोळा प्रतिक्षेपाने पाणी सोडतो, पण ते पटल टिकवत नाही.

उपचार : कृत्रिम अश्रू प्रथम. दाह ठळक असल्यास सायक्लोस्पोरिनचे थेंब (०.०५% इमल्शनला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता), गुण यायला काही महिने लागतात व सुरुवातीस आग होते. लिफिटेग्रास्ट हे दुसरे दाहशामक थेंब तेथे २०१६ पासून. स्टेरॉइड थेंबांनी चटकन आराम पडतो, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतले जातात; दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो, त्यामुळे ते नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोड्या मुदतीपुरतेच वापरावेत.