तुर्की भाषेतील विभक्ती आणि स्वामित्वदर्शक प्रत्यय

मराठीत 'घोडा' या शब्दाला 'ला' लावायचा तर आधी त्याचा 'घोड्या' करावा लागतो. तुर्कस्तानच्या तुर्की भाषेत असे सामान्यरूप नाही, नामाला लिंगही नाही. मूळ शब्द बहुधा तसाच राहतो आणि प्रत्यय ठरल्या क्रमाने मागे लागतात: आधी अनेकवचन, मग स्वामित्व, शेवटी विभक्ती. 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' घरे, 'एवलेरिमिझ' आमची घरे, 'एवलेरिमिझदे' आमच्या घरांत.

विभक्ती साधारणपणे सहा मानतात. प्रथमेला प्रत्यय नसतो. बाकीची रूपे एवि (कर्म), एवे (घरी, घराकडे), एवदे (घरात), एवदेन (घरातून) आणि एविन (घराचा). प्रत्ययातला स्वर शब्दाच्या शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो, म्हणून 'शाळेत' म्हणताना 'ओकुलदे' नव्हे, 'ओकुलदा' म्हणतात. कर्माचा प्रत्यय मात्र निश्चित वस्तूलाच लागतो. 'फिल्म इझ्लेदिम' म्हणजे मी सिनेमा पाहिला, कुठला तरी. 'फिल्मी इझ्लेदिम' म्हणजे तो ठरावीक सिनेमा पाहिला. इथल्या 'फिल्मी'चा आपल्या फिल्मीपणाशी काही संबंध नाही.

स्वामित्व नामावरच लागते: एविम (माझे घर), एविन (तुझे घर), एवि (त्याचे किंवा तिचे घर). 'अलीचे घर' म्हणताना दोन्ही शब्दांवर खूण येते, 'अलिनिन एवि', म्हणजे जणू 'अलीचे त्याचे-घर'. पहिल्या शब्दाचा प्रत्यय काढला की समास होतो: 'एविन इशि' हे त्या घराचे काम, 'एव इशि' हे घरकाम.

नवशिक्याची खरी पंचाईत पुढेच आहे. 'एविन' म्हणजे घराचा आणि तुझे घरही. 'एवि' म्हणजे घर हे कर्म आणि त्याचे घरही. तृतीयपुरुषी स्वामित्वानंतर विभक्ती लागताना मध्ये 'न' शिरतो, त्यामुळे 'एविन्दे'चे 'तुझ्या घरात' आणि 'त्याच्या घरात' असे दोन्ही अर्थ होतात. गोंधळ टाळायचा तर आधी 'सेनिन' (तुझ्या) किंवा 'ओनुन' (त्याच्या) जोडतात. एरवी ही सर्वनामे सर्रास गाळली जातात.

'जवळ असणे' यासाठी स्वतंत्र क्रियापद मराठीप्रमाणे तुर्कीतही नाही. 'एविम वार', शब्दशः 'माझे घर आहे', एवढ्यावर भागते.

तुर्की कुळातल्या साऱ्या भाषांत विभक्तींची संख्या सारखी नाही. कझाखमध्ये करणविभक्ती (साधन दाखवणारी, मराठीतल्या 'ने'सारखी) धरून सात आहेत. सायबेरियातल्या याकूत भाषेने षष्ठीच सोडून दिली. तुर्कस्तानच्या तुर्कीत जुन्या करणविभक्तीचा अवशेष 'याझन' (उन्हाळ्यात) अशा मोजक्या शब्दांत उरला आहे.