गोल्डन पॅराशूट

कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला किंवा अन्य वरिष्ठ पदाधिकाऱ्याला पद सोडावे लागल्यास द्यावयाची मोठी रक्कम, समभाग किंवा वाढीव निवृत्तिवेतन आधीच करारात ठरवून ठेवण्याच्या प्रथेला गोल्डन पॅराशूट म्हणतात. कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाणे हा तिचा मूळ प्रसंग होता. पुढे अपयशी अधिकाऱ्याला गाजावाजा न करता घालवण्यासाठीही तिचा उपयोग होऊ लागला आणि न्याय्यतेचा वाद मुख्यतः याच उपयोगाभोवती फिरतो.

समर्थकांचे म्हणणे असे की, स्वतःची खुर्ची जाणार या धास्तीने अधिकारी भागधारकांच्या हिताचे विलीनीकरणही अडवून धरू शकतो. भरपाईची हमी असली की तो तटस्थपणे सल्ला देतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र जोखमीचा मोबदला ज्याच्या भरघोस पगारात आधीच धरलेला असतो, त्याच जोखमीची भरपाई त्याला पुन्हा का द्यावी, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

अमेरिकेत 1982 साली बेंडिक्स कंपनीच्या ताब्यावरून झालेल्या संघर्षात तिचे प्रमुख विल्यम एजी यांना मिळालेल्या सुमारे 40 लाख डॉलरांच्या हमीमुळे मोठा गहजब झाला. त्यानंतर 1984 च्या कायद्याने, अशी रक्कम मागील पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या तिप्पट किंवा अधिक झाल्यास एका वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त असलेल्या सर्व भागावर अधिकाऱ्याला 20 टक्के जादा कर लावला आणि कंपनीची त्या भागावरील करसवलत काढून घेतली. परिणाम उलटाच झाला. तिपटीच्या किंचित आत, म्हणजे 2.99 पट, भरपाईचे करार सर्रास होऊ लागले, तर अनेक कंपन्यांनी तो जादा करही स्वतःच्या तिजोरीतून भरण्याचे कबूल केले. जी मर्यादा म्हणून घातली, तीच व्यवहारात प्रचलित दर बनली.

स्वित्झर्लंडचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्विसएअर ही विमान कंपनी 2001 साली कोसळली, तेव्हा तिचे प्रमुख मारिओ कॉर्ती यांना पाच वर्षांच्या पगारापोटी 1.25 कोटी फ्रँक आगाऊ मिळालेले होते. माउथवॉश व टूथपेस्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे मालक थॉमस मिंडर हे स्विसएअरचे पुरवठादार होते आणि त्यांचे बिल थकले होते. त्यांनी सह्या गोळा करून हा प्रश्न सार्वमतापर्यंत नेला. मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना नोव्हार्टिस या औषध कंपनीचे मावळते अध्यक्ष डॅनियल व्हासेला यांना प्रतिस्पर्ध्यांकडे न जाण्याबद्दल सहा वर्षांत 7.2 कोटी फ्रँकपर्यंत मिळणार असल्याचे उघड झाले. संतापापुढे तो करार रद्द झाला, तरी 3 मार्च 2013 रोजी 67.9 टक्के मतदारांनी मिंडर यांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत निरोपाच्या रकमा देण्यास बंदी आली आणि वरिष्ठांच्या मोबदल्यावर भागधारकांचे मत बंधनकारक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च पगार सर्वांत कमी पगाराच्या बारापटीपेक्षा अधिक नसावा, हा प्रस्ताव मात्र 65.3 टक्क्यांनी फेटाळला गेला. लोकांचा राग मोठ्या पगारावर नव्हता. काम संपल्यावरही, आणि मालकांना न विचारता, पैसे वाटण्यावर होता, असाच या दोन निकालांचा अर्थ लागतो. स्पर्धा न करण्याच्या मोबदल्याची पळवाट मात्र राहिली होती. 2023 पासून ती मागील तीन वर्षांच्या सरासरी मोबदल्यापुरती मर्यादित केली आहे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न निवृत्तिवेतनाच्या रूपाने पुढे आला. सरकारी पैशाने वाचवाव्या लागलेल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे माजी प्रमुख फ्रेड गुडविन यांना पन्नाशीतच वर्षाला सुमारे 7 लाख पौंड निवृत्तिवेतन सुरू झाले, कारण मुदतीपूर्वी निवृत्त होऊनही त्यात कपात न करण्याचे ठरले होते. टीकेनंतर 2009 मध्ये त्यांनी ते जवळपास निम्म्यावर आणण्यास संमती दिली.

भारतात कंपनी कायदा, 2013 च्या कलम 202 नुसार व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाला पदहानीची भरपाई उरलेला कार्यकाळ किंवा तीन वर्षे, यांपैकी कमी असेल तेवढ्याच काळाच्या सरासरी मोबदल्याइतकी देता येते. फसवणूक, विश्वासघात किंवा घोर गैरव्यवस्थापन झाले असल्यास ती मिळत नाही. सामान्य कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीपोटी वर्षामागे 15 दिवसांचे वेतन मिळते आणि त्याची वैधानिक कमाल 20 लाख रुपये आहे, हे लक्षात घेतले की दोन मापांतील अंतर कळते. शिवाय संचालक नसलेला वित्तप्रमुख कलम 202 च्या चौकटीबाहेर राहतो. इन्फोसिसने 2015 साली वित्तप्रमुख राजीव बन्सल यांना 24 महिन्यांच्या पगाराइतके, म्हणजे 17.38 कोटी रुपये, देण्याचे मान्य केले; पुढे संस्थापक नारायण मूर्ती यांनीच त्यावर जाहीर आक्षेप घेतला. कंपनीने सुमारे 5 कोटी देऊन उरलेली रक्कम थांबवली. परंतु 2018 मध्ये लवादाने करार ग्राह्य धरून 12.17 कोटी रुपये व्याजासह देण्याचा आदेश दिला.